बसस्थानकासमोरचं गॅरेज

दुकान बंद करायच्या वेळी जे गिऱ्हाईक येतं ते एकतर फार घाईत असतं, नाहीतर त्याला आजूबाजूला कुणी नको असतं. हा पोरगा दुसऱ्यातला. मी शटर अर्धं ओढलं होतं, लॅमिनेशनचं मशीन गार होत होतं. तो वाकून आत आला आणि आधार कार्ड, आयटीआयचं प्रमाणपत्र, दोन फोटो काउंटरवर ठेवून म्हणाला, "काका, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पाहिजे. कंपनीने मागितलाय."

असले अर्ज मी आठवड्याला दहा-बारा तरी भरतो. नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता. हात आपोआप चालतात. आधारवरचं नाव वाचलं तेव्हाच पोटात कालवलं होतं, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. मग तो रकाना आला. यापूर्वी आपल्यावर गुन्हा दाखल झाला आहे का, होय की नाही. मी माऊसवरचा हात काढला.

"इथं काय करायचं, काका?" आणि मग जरा थांबून, "तुम्हाला तर माहीतच आहे."

माहीत असणारच. बातमी मीच दिली होती.

2019 पर्यंत मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. प्रतिनिधी म्हणायचं आपलं; छापून आलेल्या मजकुराची लांबी मोजून मानधन, आणि खरी कमाई म्हणजे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवरचं कमिशन. पोट झेरॉक्सवर चालायचं, आजही चालतं. पण खिशात प्रेसचं कार्ड असलं की तहसीलदारसुद्धा बसा म्हणतो, त्याची एक नशा होती. सकाळी साडेनऊला पोलीस ठाण्यात जायचं, ठाणे अंमलदाराबरोबर चहा घ्यायचा, रात्रीत काय काय झालं ते वहीत उतरवायचं. बरेच दिवस वहीत भांडणं आणि बैलचोरीच.

2017 च्या पावसाळ्यात गावात मोटरसायकली गायब व्हायला लागल्या. बाजाराच्या दिवशी एक, मग दवाखान्याबाहेरून एक, अशा पाच. दीड महिन्यात पोलिसांनी छडा लावला. बावीस-तेवीस वर्षांचा एक भंगारवाला गाड्या सुट्ट्या करून विकत होता, आणि गाड्या आणून देणारी पोरं दोन. एक पंधरा वर्षांचं, एक सोळाचं. प्रेसनोटमध्ये भंगारवाल्याचं नाव ठळक होतं आणि पुढे 'दोन विधीसंघर्षग्रस्त बालकांना ताब्यात घेण्यात आले' असं वाक्य. अटक हा शब्द नव्हता. विधीसंघर्षग्रस्त! म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं अल्पवयीन मूल. हा शब्द मी एकदाही न अडखळता वाचलेला नाही.

नाव छापायचं नाही एवढं मला ठाऊक होतं, डेस्कवरही ठाऊक होतं. आम्ही ते पाळलंच. पण नुसता 'एक अल्पवयीन मुलगा' म्हणजे बातमी अगदीच कोरडी. म्हणून मी लिहिलं, 'बसस्थानकासमोरील गॅरेजचालकाचा दहावीत शिकणारा मुलगा'. गॅरेजवाल्याच्याच पोराने गाड्या चोराव्यात, यात मला मोठी गंमत वाटली होती. डेस्कलाही वाटली असावी, त्यांनी ते उचलून मथळ्यात नेलं. तीन कॉलम, जिल्हा आवृत्ती, पान तीन. मी खूश होतो.

आमच्या बसस्थानकासमोर गॅरेजं दोन. त्यातल्या एकाला दोन्ही मुलीच.

सकाळी आठपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं. शाळेने काढून टाकलं नाही, बापाला बोलावून 'तुम्हीच दाखला न्या, पोराच्याच भल्याचं आहे' असं सांगितलं. दाखला नेला. पोरगं आजोळी गेलं आणि पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलं. तो फॉर्मही बापाने माझ्याच दुकानात भरला होता. पन्नास रुपये झाले. त्याने शंभरची नोट दिली, मी सुटे परत दिले. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

बाल न्याय कायद्याचं कलम 74 मी वाचलं ते यानंतर, तेही एका वकिलाने तोंडावर टाकलं म्हणून. 2015 चा कायदा, 15 जानेवारी 2016 पासून लागू. म्हणजे माझ्या बातमीच्या वेळी दीड वर्षाहून जुना. नाव, पत्ता, शाळा, आणि ज्यावरून मूल ओळखू येईल असा दुसरा कुठलाही तपशील वर्तमानपत्रात, टीव्हीवर किंवा आणखी कुठेही द्यायचा नाही. दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'दुसरा कुठलाही तपशील' यातच माझं गॅरेज बसलं होतं. माझ्यावर कुणी तक्रार केली नाही. करणार कोण? गॅरेजवाला? त्याने तक्रार केली असती तर तीही बातमी झाली असती.

पण तेव्हा हे डोक्यात नव्हतं. उलट मला पुढची बातमी हवी होती. म्हणून दिवाळीनंतर एकदा मी जिल्ह्याच्या गावी, अशा मुलांची प्रकरणं चालवणारं बाल न्याय मंडळ बसतं तिथे गेलो. लोक अजून त्या जागेला रिमांड होमच म्हणतात. निरीक्षणगृहाच्याच आवारात एक बैठी इमारत, बाहेर पत्र्याच्या शेडखाली बाक. बाकावर आया, एक-दोन बाप, आणि साध्या वेशातले दोन पोलीस. साधा वेश म्हणजे वर चौकड्यांचा शर्ट, खाली ते लालसर पोलिसी बूट. मुलासमोर गणवेशात यायचं नाही असा नियम आहे. नियमात बुटांचं काही नाही बहुतेक.

दारावरच्या शिपायाला मी कार्ड दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "आत नाही जाता येणार." मी आवाज चढवला. न्यायालय हे उघडं असतं, खून-दरोड्याच्या खटल्यातसुद्धा मी मागच्या बाकावर बसून लिहून घेतो, वगैरे. गलका ऐकून एक परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, बाहेर आल्या. पन्नाशीच्या बाई, हातात फायलींचा गठ्ठा, चष्मा कपाळावर.

"तुम्हाला आत काय बघायचंय?"

"निकाल काय लागतो ते."

"तो त्या मुलाला कळेल. त्याच्या आईवडिलांना कळेल."

"आणि लोकांना?"

"लोकांच्या गाड्या मिळाल्या ना परत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाई आत गेल्या, दार पुरतं लागायच्या आत मला खोलीचा एक तुकडा दिसला. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही. साधं टेबल, पलीकडे तीन माणसं, त्यातला मधला माणूस मॅजिस्ट्रेट असणार पण अंगात काळा कोट नव्हता. अलीकडे खुर्चीवर एक पोरगं, पाठमोरं. त्याचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. आमचं नव्हतं ते, कुठलं तरी दुसरंच होतं. नंतर वाचलं की ती खोली कोर्टासारखी दिसताच कामा नये, असंच 2016 च्या केंद्रीय नमुना नियमांत म्हटलंय. प्रकरणाशी संबंध नसलेल्या माणसाने तिथे थांबायचं नाही, हेही त्यातच.

मी रिकाम्या हाताने परतलो आणि महिनाभर त्या दाराला शिव्या घातल्या.

इथे जरा आडवाटेने जातो. मुंबईत डोंगरीला उमरखाडीचं निरीक्षणगृह आहे. ती वास्तू मुळात जुना तुरुंग. कोल्हापूरच्या कारभाऱ्याची बदनामी केल्याच्या खटल्यात टिळक आणि आगरकर 1882 मध्ये तिथेच 101 दिवस होते, आणि कशापायी, तर वर्तमानपत्रात छापलेल्या मजकुरापायी. आम्हा बातमीदारांना हे 101 दिवस दरवर्षी पत्रकार दिनाच्या भाषणात ऐकवले जातात. छापण्यासाठी ज्या भिंतींआड संपादकांनी दिवस काढले, त्याच भिंतींआड आता छापलं जाऊ नये म्हणून मुलं ठेवलेली आहेत. मी एकदा त्या रस्त्यावर उभा राहून हे मनात जुळवून पाहिलं. भाषण ठोकायला छान आहे. पण आगरकरांनी एका संस्थानाच्या कारभाऱ्याला अंगावर घेतलं होतं. मी अंगावर घेतलं दहावीतल्या पोराला.

परत गावात. मंडळाचं दार बंद होतं तरी सगळं दुसऱ्या दाराने बाहेर येत होतं, हे मला झेरॉक्स मशीनवर समजलं. मोठा माणूस आणि लहान मूल एकाच गुन्ह्यात असले तर त्यांची सुनावणी एकत्र होत नाही. भंगारवाल्याचा खटला आमच्या तालुक्याच्या कोर्टात, उघड्या दालनात. पोरांचं मंडळापुढे, बंद खोलीत. कागदावर अगदी चोख. पण चोरी एक, तपास एक, पंचनामे तेच. भंगारवाल्याच्या वकिलाचा कारकून चार्जशीट झेरॉक्सला घेऊन माझ्याकडे आला. चौसष्ट पानं, तीन सेट. पान पलटताना दिसतंच. पोरांची नावं, बापाची नावं, वय, शाळा, घरी सापडलेली पान्यांची पिशवी, 'सदर बालकाने स्वखुशीने जागा दाखविली'. एकाही नावावर शाई नव्हती. मी एकशे ब्याण्णव पानं काढली, स्टेपल मारले, पैसे घेतले.

त्या मोठ्याच्या खटल्यात सगळी नावं उघड्यावर आणि लहानाच्या फायलीवर 'गोपनीय'चा शिक्का. हे मी नंतर दोन वकिलांना विचारलं. एक म्हणाला, असं नसायला पाहिजे. दुसरा म्हणाला, असंच असतं. दोघांचंही बरोबर असावं.

मग 2024 चा मे आला. 19 तारखेच्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला, चालवणारा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी मंडळाने जामीन दिला, अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. आदेश बघता बघता मोबाईलवर फिरू लागला. माझ्या दुकानात चार दिवस दुसरा विषय नव्हता. उतारा काढायला आलेले शेतकरीसुद्धा निबंधावर बोलत होते. एकाने मला विचारलं, "निबंधाचा विषय काय द्यायचा हे पण त्या बंद खोलीतच ठरतं काय?"

पोराचं नाव बहुतेकांनी छापलं नाही. बापाचं छापलं, आजोबाचं छापलं, धंदा छापला, घर दाखवलं. बाप स्वतःच आरोपी झाल्यावर त्याचं नाव झाकायचं तरी कसं, हा प्रश्न आहेच. पण मला ते बघताना माझंच गॅरेज आठवत होतं. तंत्र तेच, फक्त तीन कॉलमांऐवजी चोवीस तास.

तरीही एक गोष्ट कबूल करतो, आणि हे माझ्यातला जुना बातमीदार बोलतोय. पुण्यात दार खरोखर घट्ट बंद राहिलं असतं, तर त्या जामिनावर कुणी प्रश्न विचारला नसता. आरडाओरडा झाला, तीन दिवसांत मंडळाने आपला आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, पुढे जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं, आणि ऑक्टोबरात सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना काढून टाकलं. रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण बाहेर आलं तेही याच गदारोळात. गुप्तता मुलासाठी असते. तिच्या आडोशाला मोठी माणसं जाऊन बसली तर त्यांना उठवणार कोण? तालुक्याच्या पोराच्या वेळी मला आत सोडलं नाही हे योग्यच झालं. पण त्या खोलीत त्याच्याशी कसं वागले, किती तारखा दिल्या, जामिनाला किती दिवस लावले, हे कुणालाच कळायची सोय नाही हे मला आजही खटकतं. नाव झाकून निकाल देता येतो की. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या एका अपघात प्रकरणात, चालवणारा अठरा पूर्ण व्हायला काही दिवसच कमी असलेला मुलगा होता, नाव न छापता सविस्तर निकाल दिला. तो कुणीही वाचावा. मुलगा कोण ते कळत नाही, आणि न्यायाधीशांनी काय विचार केला ते सगळं कळतं. जिल्ह्याच्या मंडळांनी असंच का करू नये? टायपिस्ट नाही, असं उत्तर येईल. ते खरंही असेल.

आता पुन्हा त्या रकान्याकडे.

मी त्याला म्हटलं, आज सबमिट करू नको. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीत घेऊन गेलो. तिथे फी लागत नाही, हे गावात अर्ध्या लोकांना माहीत नाही. वकीलबाई वयाने लहान, पण कायदा त्यांच्या जिभेवर होता. त्यांनी त्याला आधी एवढंच विचारलं, मंडळाने काय केलं होतं? तेव्हा मला सहा-सात वर्षांनी ती बातमी मिळाली, जी मी दारात उभा राहून मागत होतो. समज दिली होती, बापाकडून हमीपत्र घेतलं होतं आणि सहा महिने परिविक्षा अधिकाऱ्याकडे दर पंधरा दिवसांनी हजेरी. "त्या बाई चांगल्या होत्या," तो म्हणाला. "आयटीआयचं त्यांनीच सुचवलं." कपाळावर चष्मा ठेवायच्या का, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

बाईंनी समजावून सांगितलं ते असं. त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मूल असताना जे झालं त्यावरून पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि मंडळाकडची कागदपत्रं अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवून मग नष्ट करायची असतात. अतिगंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरच्या मुलाचं प्रकरण बाल न्यायालयात मोठ्यासारखं चालून दोषी ठरला तर गोष्ट वेगळी. इथे तसं काही नव्हतं. आणि कलम 74 च्याच दुसऱ्या पोटकलमात पोलिसांना सरळ सांगितलंय की चारित्र्याच्या दाखल्यासाठी मुलाची अशी नोंद बाहेर काढायची नाही. 2019 मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड झालेल्या एका तरुणाला बालवयातल्या प्रकरणावरून अडवलं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. असा डाग पुसून टाकण्यासाठीच हा कायदा आहे, असं त्या निकालाचं सार. 'नाही' भरा, म्हणाल्या, आणि हे सगळं एका पानावर लिहून अर्जासोबत जोडायला दिलं.

अर्ज गेला. आठवड्याने पोलीस ठाण्यातून पडताळणी बघणाऱ्या हवालदाराचा मला फोन, कारण अर्जावर दुकानाचा नंबर होता. हा हवालदार वर्षापूर्वीच बदलून आलेला, 2017 मध्ये तो आमच्या जिल्ह्यातही नव्हता. त्याने नाव वाचलं आणि म्हणाला, "हा तोच ना हो? बसस्थानकासमोरच्या गॅरेजवाल्याचा?"

माझे शब्द, जसेच्या तसे. मंडळाकडची फाईल कायद्याने एव्हाना नष्ट झालेली असायला हवी, स्टेशन डायरी कुठल्या तरी कपाटात वाळवी खात असेल, आणि माझं अर्धं वाक्य मात्र बदलून येणाऱ्या प्रत्येक हवालदाराला चार्ज देताना मिळत होतं.

"साहेब, सोबतचं पान वाचा," एवढंच मी म्हटलं. त्याने वाचलं असावं. पाच आठवड्यांनी दाखला आला. मी तो जाड कागदावर रंगीत काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, घ्या काका, हिशोब हिशोबाच्या जागी. मग घेतले.

ती बातमी अजून आहे. कात्रण माझ्या रेक्झिनच्या फाईलमध्ये आहे, मागच्या बाजूला त्या दिवशीचे सोयाबीनचे भाव. ते फाडून टाकणं सोपं आहे. ई-पेपरचं पान मात्र माझ्या हातात नाही. ते पान म्हणजे एक चित्र, त्यामुळे आजवर शोधलं तर सापडत नव्हतं; पण आता चित्रातली मराठी अक्षरं वाचणारी ॲपं माझ्या दुकानात मीच वापरतो, जुने सातबारे टाइप करायला. पेपरला दोन मेल केले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं की जुन्या अंकांत बदल करण्याची पद्धत नाही. तिसरा मेल वकीलबाईंच्या सहीने गेलाय.

आता काही जण विचारतील की मग हे सगळं इथे लिहून मी पुन्हा तेच केलं नाही का. वर जे गॅरेज आहे ते गॅरेज नव्हतं. बसस्थानकही नव्हतं. काय चोरीला गेलं तेही बदललंय, पोरं किती होती तेही, सालही पुढेमागे केलंय. दोन मुलींचा हिशोब तेवढा खरा आहे, तो दुसऱ्या धंद्याला लावून बघा, जमणार नाही.

टाकण्याआधी मजकूर त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. दोन दिवस निळ्या खुणा नुसत्या. तिसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून त्याने उत्तर दिलं. कंपनी कुठल्या गावात आहे ते मी लिहिलं होतं, ते काढायला सांगितलं. आणि दुकानात आला त्या दिवशी त्याच्या शर्टावर काय छापलं होतं, ते. शर्टाचं मी लिहिलंय हे माझ्या लक्षातही नव्हतं. शोधलं, दुसऱ्याच ओळीत होतं. काढलं.